पोर्टल कशावर बांधायचं: उद्यमबागेतल्या एका प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. बेळगावच्या उद्यमबागेत कास्टिंग आणि मशीनिंग करणारी साठेक माणसांची कंपनी आहे. गिऱ्हाइकांना ड्रॉइंग, डिस्पॅच आणि टेस्ट सर्टिफिकेट घरबसल्या बघता यावीत म्हणून वेब पोर्टल करायचं ठरलंय. पुण्याच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाने त्याआधी सुरक्षेची लांबलचक प्रश्नावली पाठवली. कंपनीचे सल्लागार म्हणतात, ओपन सोर्स नको, त्याचा कोड सगळ्या जगाला दिसतो, मायक्रोसॉफ्टचं घ्या. आतल्या एका मुलाला पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा येते, तो जँगो म्हणतो, म्हणजे पायथनमध्ये वेबसाइट बांधायचा तयार सांगाडा. तिसरा एक जण पीएचपी ह्या भाषेतलं तयार पोर्टल स्वस्तात द्यायला बसलाय. मालक विचारतात, "ह्यातलं सेफ कुठलं, तेवढं सांगा की." खरेदी आणि आयटी दोन्ही सांभाळणाऱ्या ताईंनी हे सगळं माझ्यापुढे मांडलं आहे.

ताई, आधी उत्तर देतो, मग कारणं. तुमच्याकडे पायथन येणारा माणूस आहे, तर जँगो घ्या. तोच मुलगा मायक्रोसॉफ्टचं डॉटनेट जाणणारा असता तर मी डॉटनेट घ्या म्हटलं असतं आणि तितक्याच खात्रीने म्हटलं असतं. वीस वर्षं ह्याच भागात, बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीच्या लोकांची कामं करून मी एवढंच शिकलो: पॅच, म्हणजे दोष बुजवणारी दुरुस्ती, आला त्या दिवशी तो बसवणारा माणूस तुमच्याकडे आहे का, आणि पुढची पाच वर्षं कुणीतरी असणार आहे का, ह्यावर सुरक्षा ठरते. प्लॅटफॉर्मचं नाव त्यानंतर येतं.

सल्लागारांचा मुद्दा मी झटकत नाही, पुष्कळ शहाणी माणसं तसंच समजतात. पण २०१७ सालच्या दोन घटना शेजारी शेजारी ठेवून बघा. ७ मार्च २०१७ रोजी अपाचे स्ट्रट्स ह्या ओपन सोर्स प्लॅटफॉर्ममधल्या एका गंभीर दोषाचा पॅच आला. १४ मार्चला, म्हणजे बरोबर आठवड्याने, मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या एका दोषाचा पॅच दिला. विंडोज बंद कोडचं, पैसे भरून घ्यायचं. पुढे मे महिना आला. अमेरिकेतल्या एक्विफॅक्स कंपनीने स्ट्रट्सचा पॅच बसवलेला नव्हता. चोर मेच्या मध्यात आत शिरले, जुलै संपेपर्यंत आत होते, आणि सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. त्याच मे महिन्यात १२ तारखेला फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारं वॉनाक्राय आलं आणि ज्यांनी विंडोजचा पॅच बसवलेला नव्हता त्यांची मशीनं गेली. त्यात ब्रिटनमधली सरकारी इस्पितळंसुद्धा अडकली. एकाचा कोड उघडा, दुसऱ्याचा बंद. दोघांचाही पॅच दोन महिने आधी हातात होता. मग कोड दिसण्या-न दिसण्याने काय फरक पडला?

शिवाय सल्लागार ज्याला बंद समजतात ते आता बंद राहिलेलंही नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने डॉटनेट कोअर ओपन सोर्स केल्याचं जाहीर केलं आणि आज नवं डॉटनेट पूर्णपणे उघड्या कोडवर चालतं. हे सल्लागारांना अवश्य सांगा, पण वाद घालायला नव्हे. ते ज्या भीतीपोटी बोलतात ती भीती खरी आहे, फक्त तिचं बोट चुकीच्या जागी आहे.

पॅच उशिरा बसवणं म्हणजे नेमकं किती उशिरा, ह्याचंही एक उदाहरण मला कायम आठवतं. १५ ऑक्टोबर २०१४ ला ड्रुपल ७ ह्या साइट बनवायच्या ओपन सोर्स प्लॅटफॉर्ममधल्या एका दोषाची घोषणा झाली. पुढे ड्रुपलच्याच सुरक्षा पथकाने सांगितलं, की घोषणेनंतर सात तासांच्या आत ज्यांनी पॅच बसवला नाही त्यांनी आपली साइट फुटली आहे असंच धरून चालावं. आपल्या घड्याळात ते सात तास रात्री साडेनऊ ते पहाटे साडेचार. उद्यमबागेत त्या वेळी कोण जागं असतं? भट्टीवरची तिसरी पाळी. आयटीवाला झोपलेला. म्हणून मी विचारतो, तुमच्या कंपनीत असा फोन कुणाला येणार? त्याला तो उचलण्याचा अधिकार आणि पगार आहे का? मालकांना न विचारता रात्री साइट बंद ठेवायची मुभा त्याला आहे का? शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. पॅच बसवता येत नसेल तर सकाळपर्यंत साइट बंद ठेवणं हाही चांगला इलाज आहे, पण ती परवानगी आधी दिलेली असावी लागते.

आता प्लॅटफॉर्ममुळे खरोखर कुठे फरक पडतो ते सांगतो, कारण काहीच फरक पडत नाही असं म्हणणंही खोटं ठरेल.

२०१९ च्या पावसाळ्यातली गोष्ट. निपाणीकडच्या एका व्यापाऱ्याची साइट मी काही वर्षांपूर्वी पीएचपीमध्ये करून दिली होती. त्यांच्या मुलाचा फोन आला, "काका, गूगलवर आपल्या दुकानाच्या नावाखाली जपानी अक्षरं यायल्यात." मी बघितलं तर खरंच. दुकानाचं नाव मराठीत, आणि खाली पानंच्या पानं जपानी मजकूर, कसल्या कसल्या पर्स आणि बुटांच्या जाहिराती. सर्व्हरवर गेलो. बिलांचे फोटो चढवायचं एक फोल्डर होतं, त्यात शेकडो जेपीजी फायली आणि त्यांच्यामध्ये एक पीएचपी फाइल, रात्री पावणेतीनला चढवलेली. फाइल फोटोच आहे का, हे मी फक्त ब्राउझर सांगतो त्यावरून तपासलं होतं, आणि ब्राउझरला काहीही सांगायला लावता येतं. त्यात पीएचपी ५.६ वापरात होतं, ज्याचे सुरक्षा पॅच ३१ डिसेंबर २०१८ लाच बंद झाले होते. मी ते बदललं नव्हतं. त्या माणसाने माझ्यावर विश्वास ठेवला होता. साइट साफ करायला चार दिवस लागले आणि गूगलवरचं ते जपानी निघायला कितीतरी आठवडे. पैसे मी घेतले नाहीत, घ्यायचा प्रश्नच नव्हता.

ह्यातला धडा प्लॅटफॉर्मशी निगडित आहे. नेहमीच्या पीएचपी होस्टिंगवर फोल्डरमध्ये पडलेली पीएचपी फाइल पत्ता टाइप केला की चालू लागते. जँगो किंवा डॉटनेट नेहमीच्या रचनेत असं करत नाही. चढवलेली फाइल तिथे नुसती पडून राहते. पीएचपीवरही हे सहज बंद करता येतं, आज मी ते कसोशीने करतो, पण ते आठवणीने करावं लागतं. ज्या गोष्टी न सांगता सुरक्षित असतात त्यांची किंमत मोठी. जँगोमध्ये पानावरचा मजकूर आपोआप निर्धोक करून दाखवला जातो, डेटाबेसला प्रश्न विचारताना त्यात कुणी आज्ञा घुसवू नये ह्याची सोय त्याच्या ओआरएममध्येच (डेटाबेसशी बोलणाऱ्या भागातच) असते, दुसऱ्या साइटवरून चोरून फॉर्म पाठवण्याला आडकाठी सुरुवातीपासून असते. पीएचपीतला तसाच सांगाडा लॅरावेल आणि डॉटनेट, दोन्हींतही ह्यातलं बहुतेक सगळं आहे. त्या तिसऱ्या माणसाच्या तयार पोर्टलमध्ये लॅरावेल आहे की आठ वर्षांपूर्वीचा सुट्टा पीएचपी कोड, हे विचारा. सुट्टा असेल तर कितीही स्वस्त असला तरी नको म्हणा. त्याच पोर्टलच्या आणखी वीस प्रती वीस कंपन्यांत असणार, एक फुटली की सगळ्यांची किल्ली चोराच्या हातात.

पण तुमच्या पोर्टलला सगळ्यात मोठा धोका ह्यातला कुठलाच नाही. ओवास्प ह्या संस्थेच्या २०२१ च्या यादीत पहिल्या क्रमांकावर होता तो दोष म्हणजे ज्याला जे दिसायला नको ते दिसणं. मी तो असा तपासतो. एका कारखान्याच्या खरेदी विभागात बसलो होतो, त्यांचं पोर्टल दुसऱ्या कुणीतरी केलेलं, मस्त दिसायचं. गिऱ्हाईक म्हणून लॉगिन केलं, स्वतःचं बिल उघडलं. वरच्या पत्त्यात शेवटी १०४३ होतं. मी तिथे ३ पुसून ४ टाइप केला आणि एंटर दाबलं. समोर दुसऱ्याच पार्टीचं बिल, कास्टिंगच्या किलोच्या दरासकट. खरेदी अधिकारी खुर्चीतून उठून उभे राहिले. ती दुसरी पार्टी त्यांची सगळ्यात जुनी आणि तिचा दर कमी होता.

हा दोष कुठलाही प्लॅटफॉर्म आपोआप थांबवत नाही. १०४४ नंबरचं बिल कुणाचं हे जँगोला माहीत नसतं, ते तुमच्या मुलाने लिहायचं असतं, प्रत्येक पानावर, प्रत्येक फाइलला. ड्रॉइंगच्या पीडीएफला विशेषकरून. बरेच जण पानावर पहारा बसवतात आणि पीडीएफचा थेट पत्ता उघडाच ठेवतात. गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग ही त्याची मालमत्ता, तुम्ही फक्त राखणदार. पोर्टल तयार झालं की दोन खोट्या पार्ट्या बनवा आणि एक अख्खी दुपार एकीच्या लॉगिनमधून दुसरीचं काही दिसतं का, हे नंबर बदलून बदलून बघा. ह्याला पैसे लागत नाहीत, शिक्षण लागत नाही, फक्त चिकाटी लागते. पॅटर्न कितीही नेटका असला तरी वाळूत ओल राहिली की कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे पोकळी, येणारच, हे तुमच्या मोल्डरला सांगावं लागत नाही. इथली ओल ती ही.

प्लॅटफॉर्मच्या आयुष्याच्या तारखा बघायची सवयही लावून घ्या. जँगो ५.२ ही दीर्घ मुदतीची आवृत्ती एप्रिल २०२५ मध्ये आली, तिचे सुरक्षा पॅच एप्रिल २०२८ पर्यंत मिळतील. डॉटनेट ८ ची मुदत नोव्हेंबर २०२६ ला संपते, म्हणून ते घ्यायचं झालं तर १० घ्या. लॅरावेलच्या प्रत्येक आवृत्तीला सुरक्षा पॅच दोनच वर्षं मिळतात, म्हणजे दर दोन वर्षांनी आवृत्ती बदलण्याचा खर्च आत्ताच धरायला हवा. ही तारीख कोटेशनवरच लिहून घ्या. मालकांना प्लॅटफॉर्म म्हणजे लेथसारखा वाटतो, एकदा घेतला की वीस वर्षं चालेल. तो कटिंग टूलसारखा आहे, ठरल्या वेळी बदलायचाच.

आणि सुटे भाग कमीत कमी. पोर्टल छान दिसावं म्हणून मुलं इंटरनेटवरची तयार पॅकेजं घेतात, एकातून दुसरं, असं करत नोडच्या (जावास्क्रिप्टवरच्या प्लॅटफॉर्मच्या) एखाद्या प्रकल्पात शेकडो होतात. २०१८ मध्ये इव्हेंट-स्ट्रीम नावाच्या लोकप्रिय पॅकेजचा सांभाळ मूळ लेखकाने एका अनोळखी माणसाकडे सोपवला आणि त्याने त्यात बिटकॉइन चोरणारा कोड घुसवला. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड ह्या लिनक्सवरच्या साधनात तसंच चोरदार सापडलं, आणि तेही लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय म्हणून एका अभियंत्याने खोलात जाऊन बघितलं म्हणून. जँगोला स्वतःला दोन-तीनच पॅकेजं लागतात. तुमच्या मुलाला सांगा, त्याच्या पलीकडचं प्रत्येक पॅकेज का हवं ते एका ओळीत लिहून ठेव.

गुप्त किल्ल्यांबद्दलही त्याला बजावा. जँगोची सीक्रेट की, म्हणजे गुप्त किल्ली, कोडमध्ये राहू नये, आणि चूक झाली की आतली माहिती पानावर दाखवणारं डीबग चालू सर्व्हरवर बंदच असावं. इंटरनेटवरच्या उदाहरणातली किल्ली जशीच्या तशी उचलण्याची खोड सगळीकडची आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने सांगितलं, की एएसपी डॉटनेटच्या अशा ३००० हून जास्त किल्ल्या उघड्यावर सापडल्या. पैसे भरून घेतलेलं कुलूप, किल्ली मात्र चौकात टांगलेली.

आता ज्या गोष्टीने मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती. आपल्या गावची पोरं हुशार आहेत, विश्वेश्वरय्या विद्यापीठ इथेच आहे, दरवर्षी शिकून बाहेर पडतात. आणि वर्ष-दोन वर्षांत पुण्याला नाही तर बेंगळूरला जातात. जावंच, त्यांचं भलं व्हावं. पण जाताना कंपनीचं डोमेन, म्हणजे साइटचं नाव, त्याच्या जीमेलवर, सर्व्हरचा पासवर्ड त्याच्या फोनमध्ये, कोड त्याच्या लॅपटॉपवर. मी अशा कंपन्या बघितल्या आहेत ज्यांना स्वतःच्या साइटवर फोन नंबर बदलता येत नाही. मुलाने काही वाईट केलेलं नसतं. त्याने नंबर बदललेला असतो, एवढंच. पण डोमेनची मुदत भरली आणि सूचना त्या जुन्या मेलवर गेली, तर नाव दुसरा कुणीही उचलू शकतो, आणि मग कंपनीच्या नावाने गिऱ्हाइकाला "आमचं बँक खातं बदललंय" असा मेल जायला किती वेळ लागतो? म्हणून डोमेन, सर्व्हर आणि कोडची तिजोरी ही तिन्ही खाती कंपनीच्या मेलवर, दोन माणसांच्या हातात, दुहेरी पडताळणीसह. पायथनचा मुलगा एक, दुसऱ्या तुम्ही. तुम्हाला कोड यायची गरज नाही, दाराची चावी असली की पुरे.

सर्व्हर ऑफिसात टेबलाखाली ठेवू नका. हेस्कॉमची वीज, यूपीएसची बॅटरी, राउटरमधून बाहेरच्यांसाठी उघडलेलं पोर्ट, ह्या तिन्हींवर रोज लक्ष ठेवायला तुमच्याकडे माणूस नाही. भाड्याचा सर्व्हर भारतातल्या डेटा सेंटरमधला घ्या. कंपनीची माहितीपर साइट वर्डप्रेसवर असेल तर असू द्या, पण वेगळ्या होस्टिंगवर, वेगळ्या पासवर्डने, प्लगइन मोजकी ठेवून.

शॉपफ्लोअरचं बोलायला हवं. स्टोअरच्या संगणकावर तिन्ही पाळ्यांना मिळून एकच लॉगिन असतं आणि पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला. काही बिघडलं की नोंदीत एकच नाव दिसतं आणि संशय बिचाऱ्या पहिल्या पाळीवर. प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन द्या, नाव म्हणून तिकीट नंबर. सूचना मराठी आणि कन्नड दोन्हींत दाखवा. जँगोत दोन्हींची सोय आहे. इंग्रजी इशारा आला की माणूस न वाचता ओके दाबतो, हे मी दर कारखान्यात बघतो, आणि त्यात त्याचा दोष नाही.

जाता जाता एक बारीक गोष्ट, जी इंग्रजी पुस्तकात सापडणार नाही. कुणी मराठीत पासवर्ड ठेवला आणि त्यात "दुसऱ्या" मधला ऱ असेल, तर ते अक्षर दोन प्रकारे साठवलं जातं: एक अखंड ऱ, आणि दुसरं र खाली नुक्ता. डोळ्याला सारखंच. एका कीबोर्डवर ठेवलेला पासवर्ड दुसऱ्या फोनवर चुकीचा ठरतो आणि माणूस शपथेवर सांगतो की मी बरोबर टाकला. पासवर्ड साठवण्यापूर्वी आणि तपासण्यापूर्वी मजकूर एका रूपात आणणारी एक ओळ मुलाला घालायला सांगा. नाही तर लोक कंटाळून पुन्हा १२३४५६ वर येतात.

प्रश्नावलीबद्दल. प्लॅटफॉर्मच्या रकान्यात जँगो ५.२ आणि मुदत एप्रिल २०२८ असं स्पष्ट लिहा, गिऱ्हाइकाला नावापेक्षा ती तारीख हवी असते. घटना घडली तर काय, ह्या रकान्यात लक्षात ठेवा की सर्ट-इन ह्या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घटना कळल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. हे कंपन्यांनाही लागू आहे, फक्त बँकांना नाही. कामगारांचे आधार, बँक खाते असलं काही पोर्टलमध्ये आणूच नका. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची योग्य काळजी न घेतल्यास २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. जी माहिती ठेवलीच नाही ती चोरीला जात नाही. बॅकअपच्या रकान्यात "रोज घेतो" असं लिहिण्याआधी एका शनिवारी दुपारी तो दुसऱ्या मशीनवर परत उभा करून बघा आणि किती तास लागले ते लिहा. मी सांगतो, पहिल्यांदा उभा राहणार नाही. दुसऱ्यांदा राहील.

ह्या सगळ्याच्या आधी, आज संध्याकाळीच, एक काम करा. तुमचं आत्ताचं डोमेन कुणाच्या मेलवर नोंदवलंय ते बघा. तुम्ही लिहिलंय की मागची साइट एका जुन्या मुलाने केली होती. तो अजून बेळगावात असेल तर त्याला चहाला बोलवा आणि समोर बसून खातं बदलून घ्या. पुण्याला गेला असेल तर मला कळवा, मग डोमेन नोंदवणाऱ्या रजिस्ट्रारकडे कंपनीची कागदपत्रं घेऊन जायचा लांबचा रस्ता आहे, तो मी सांगतो.